मागचा सामना

(मानोरा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मी विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांचा फोन आला. म्हणाले, ‘सर, खेळावर बोलणार? आपल्याकडे लोक संतसाहित्य नाहीतर शेतीवर ऐकतात.’ मी म्हटलं, मी खेळणाऱ्यांवर बोलणारच नाही, बघणाऱ्यांवर बोलणार आहे. बघणारे तर मानोऱ्यात भरपूर आहेत. ते म्हणाले, मग या.

सुरुवात जरा लांबून करतो. २ नोव्हेंबर २०२५, रविवार. आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजत आले होते आणि कॅनडात टोरांटो शहरात मध्यरात्र उलटून गेली होती. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, म्हणजे निकालाचा सामना तिथं चालू होता. लॉस एंजेलिस डॉजर्स विरुद्ध टोरांटो ब्लू जेज. याच मालिकेतला तिसरा सामना नेहमीच्या नऊ डावांऐवजी अठरा डावांपर्यंत लांबला होता. सातव्यात नवव्या डावात टोरांटो एका धावेनं पुढे होतं आणि फक्त दोन गडी बाद करायचे राहिले होते. तेवढ्यात मिगेल रोहास नावाच्या, मोठ्या फटक्यांसाठी कुणाच्या फारसा खिजगणतीत नसलेल्या खेळाडूनं चेंडू थेट प्रेक्षकांत धाडला. बरोबरी झाली. अकराव्या डावात डॉजर्स ५-४ नं जिंकले.

बेसबॉलमधलं मला फार कळतं असं नाही. पण त्या रात्री टोरांटोच्या लोकांच्या तोंडी एक जुनं नाव पुन्हापुन्हा येत होतं ते मला नीट कळलं. ते नाव होतं जो कार्टर. १९९३ साली याच शहराच्या संघासाठी त्यानं शेवटच्या फटक्यावर अजिंक्यपद आणून दिलं होतं. बत्तीस वर्षं झाली. ज्यांनी तो फटका बघितला ते आजोबा झाले, पण डोळ्यांपुढे २०२५ चा सामना चालू असताना मनात १९९३ चा चालू होता.

खरा चाहता एका वेळी एकच सामना कधी बघत नाही. मागचा एक सामना त्याच्या शेजारी बसलेला असतो. आता या बाजूनं आपल्याकडे बघू. विदर्भाच्या माणसाच्या शेजारी कोणता सामना बसलेला असतो?

२०१७ पर्यंत उत्तर सोपं होतं. कोणताच नाही.

आपण वऱ्हाडातले. एकेकाळी आपल्या भागाचा संघ ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’ या लांबलचक नावानं खेळायचा. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू १८९५ साली नागपुरात जन्मले आणि त्या संघाकडून खेळलेसुद्धा. पण त्यांच्या नावावर इंदूरचा, होळकर संघाचा हक्क जास्त सांगितला जातो. विदर्भ या नावानं रणजी करंडकात उतरलो ते १९५७-५८ च्या हंगामात. तिथून पुढं हरत राहिलो. मधली कितीतरी वर्षं तर प्लेट गटात, म्हणजे दुबळ्यांच्या पंगतीत काढली. विदर्भाच्या संघातून कसोटी खेळणारा पहिला खेळाडू निघाला तो उमेश यादव, खापरखेड्याच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतला, आणि तोही २०११ साली. तोवर वाशिमपासून गडचिरोलीपर्यंतची पोरं मुंबईच्या खेळाडूंची पोस्टरं घरात लावत होती. वेगळ्या विदर्भाच्या सभेला जाऊन आलेला माणूस घरी येऊन गावसकर-वेंगसरकरांवर वाद घालायचा. यात कुणाचा काही दोष नव्हता. आपल्याकडे वाद घालायला दुसरं कुणी नव्हतंच.

मुंबईवाल्यांचं बघा. त्यांच्याकडे जिंकल्याच्या आठवणी इतक्या आहेत की सांगायला ते हरल्याची निवडतात. मे १९९१, वानखेडे, हरयाणाविरुद्ध रणजीचा अंतिम सामना. मुंबईला ३५५ हव्या होत्या. सचिनच्या ९६ झाल्या, वेंगसरकर १३९ वर नाबाद उभे, आणि तीन धावा हव्या असताना शेवटचा गडी धावबाद. दोन धावांनी हार. वेंगसरकर मैदानावर रडले. दादरच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो बेचाळीस करंडकांतले बेचाळीस सांगणार नाही. तो या दोन धावा सांगेल.

आता आपल्या गोष्टीकडे येतो.

२०१७ चा डिसेंबर आठवा. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली होती. झाडावर बोंडं दिसायची, फोडलं की आत किडकं सरकीचं पीठ. बाजूच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली होती. पंचनामे, बियाण्यांच्या पावत्या, तहसीलवर मोर्चे. अशा दिवसांत विदर्भ रणजीच्या सेमीफायनलला पोहोचला होता, आणि इथं कुणाला त्याचं सोयरसुतक असण्याचं कारणही नव्हतं.

सामना कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, समोर कर्नाटक. विदर्भ पहिल्या डावात १८५ वर आटोपला. कर्नाटकनं ३०१ केल्या, त्यात एकट्या करुण नायरच्या १५३. हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे. दुसऱ्या डावात आपण ३१३ काढल्या आणि त्यांना १९८ चं लक्ष्य मिळालं. कर्नाटकसारख्या संघाला १९८ म्हणजे काहीच नाही. पण नागपूरचा रजनीश गुरबानी, सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला पोरगा, एका बाजूनं गडी काढत गेला. चौथ्या दिवशी संध्याकाळी कर्नाटक ७ बाद १११. पाचव्या दिवसाला ८७ धावा आणि तीन गडी उरले.

२१ डिसेंबरची ती सकाळ. मी इथंच, दिग्रस रोडच्या एका टपरीवर होतो. माझ्याशिवाय दोघं जण. एक कृषी केंद्रात कामाला असलेला तरुण आणि एक म्हातारे गृहस्थ, ज्यांचा क्रिकेटशी काडीचा संबंध नव्हता. ते बसची वाट बघत होते. तरुणाच्या फोनची काच कोपऱ्यातून तडकलेली. स्कोअर ताजा करायला तो अंगठ्यानं पडदा खाली ओढायचा, मग ते गोल चक्र फिरत बसायचं. त्या काळात आम्ही तिघंही त्या चक्राकडे असे बघत होतो की जणू गुरबानी त्याच्या आत पळतोय. शेवटचे गडीच ते, पण विनय कुमारनं ३६ काढल्या, मिथुननं ३३. ऐंशीचे चाळीस झाले, चाळीसचे वीस.

टपरीवाल्यानं विचारलं, ‘किती पाह्यजे त्याइले?’

‘सहा.’

‘आन् आउट?’

‘एकच राह्यला.’

‘मंग थांबा जरासाक, चहा मांडतो. जितलो तं पैसे नोका देऊ.’

चक्र फिरलं. १९२ सर्वबाद. पाच धावांनी विदर्भ फायनलमध्ये. गुरबानीचे डावात सात, सामन्यात बारा. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, ‘कोन जितलं?’ तरुण म्हणाला, ‘आपन.’ ते जरा थांबले. ‘आपन मंजे? इंडिया?’ ‘नाही बाबा, विदर्भ.’ यावर ते म्हणाले, ‘असं बी असते का?’

मला वाटतं, साठ वर्षांच्या त्या रिकाम्या इतिहासावर याहून अचूक टिप्पणी कुणी केली नसेल.

फायनल इंदूरला झाली, दिल्लीविरुद्ध, २९ डिसेंबरपासून. नायडूंच्या त्या होळकरांच्या इंदुरात, हा योगायोग मला आवडतो, पण त्यावर फार भार टाकत नाही. उमेश यादव नव्हता. पहिलाच रणजी सामना खेळायला उतरला अकोल्याचा आदित्य ठाकरे. आपल्या शेजारचं अकोलं. १९९८ पर्यंत तर आपणही अकोला जिल्ह्यातच होतो. दिल्लीच्या ध्रुव शोरेनं १४५ काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुरबानीनं ओळीनं तीन चेंडूंवर तीन त्रिफळे उडवले. तिसरा त्रिफळा शोरेचा. रणजीच्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक त्याआधी एकदाच झाली होती, १९७२-७३ साली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. मग अक्षय वाडकरच्या १३३, विदर्भ ५४७, आणि १ जानेवारी २०१८ ला नऊ गडी राखून विजय. कप्तान फैझ फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, विजयी फटका मारणारा वसीम जाफर. यातले पंडित आणि जाफर दोघंही मुंबईचे, हे आपण सोयीनं हळू आवाजात सांगतो.

तरीही मला माणसं भेटतात ती ईडन गार्डन्सच्या पाच धावांची गोष्ट काढतात. इंदूरचा निकाल सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याची ‘गोष्ट’ कुणी सांगत नाही. हे आपल्यापुरतंच नाही. परवा नोव्हेंबरात आपल्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला. बेसबॉलचा तो सामना ज्या रविवारी संपला त्याच रविवारी, नवी मुंबईत. शफाली ८७, दीप्तीचे पाच बळी, दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय. पण तीन दिवस आधीची सेमीफायनल आठवा. ऑस्ट्रेलियाच्या ३३८, आणि जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७. लोक बोलतात ते जेमिमाबद्दल. फायनलला निदान आशा तरी असते. सेमीफायनलला घाबरायला जागा असते. जिथं घाबरलो तिथलं लक्षात राहतं.

आणि बघितलंच पाहिजे असंही नाही. १८ जून १९८३ ला झिम्बाब्वेविरुद्ध ५ बाद १७ असताना कपिल देवनं नाबाद १७५ काढल्या. त्या खेळीचं चित्रीकरणच नाही. बीबीसीत संप होता म्हणतात. जगात कुणाला ती आता बघता येत नाही, तरी आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे ती आहे. पूर्वी बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनावर माणसं अशीच सामने बघायची, ट्रान्झिस्टर कानाला लावून. तडकलेल्या काचेचा फोन त्याच घराण्यातला.

मधलं जरा भरभर सांगतो. पुढच्या वर्षी परत जिंकलो, या वेळी नागपुरात, जामठ्याला, सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून. त्या सामन्याचा नायक नागपूरचा डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे. अकरा बळी, आणि चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत त्याच्याच हाती सापडला: एक आणि शून्य. पुजाराला शून्यावर काढणारा माणूस आपला आहे, हे सांगताना नागपूरकरांची छाती किती फुगते ते तुम्ही बघितलं असेल.

मग २०२४ चा मार्च. मुंबईविरुद्ध फायनल, वानखेडे. माझ्या मते विदर्भाचा संघ खऱ्या अर्थानं मोठा झाला तो या हरलेल्या सामन्यात. पहिल्या डावात १०५ वर गुंडाळले गेलो. मुंबईनं दुसऱ्या डावात ४१८ ठोकल्या आणि पुढं ठेवलं लक्ष्य ५३८ चं. एवढ्या धावा कुणी काढत नाही. पाचव्या दिवशी सकाळी पाच बाद २४८, आणि अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे खेळपट्टीवर मुक्कामालाच उतरल्यासारखे उभे राहिले. उपाहारापर्यंत एक गडी नाही. वाडकरचं शतक, दुबेच्या ६५, भागीदारी १३० ची. त्या दिवशी मी वाशिमहून मानोऱ्याला येत होतो. बसमध्ये मागच्या सीटवरची कॉलेजची पोरं दर षटकाला हिशोब करत होती, ‘आता दोनशे’, ‘आता एकशे नव्वद’. ३५३ ला वाडकर गेला. उरलेले सगळे १५ धावांत गेले. १६९ धावांनी हरलो, मुंबईचा तो बेचाळिसावा करंडक. मागच्या सीटवर एकदम शांतता. मग एक जण म्हणाला, ‘पुढल्या साली पाहू.’

मला त्या दिवशी फार बरं वाटलं. हरल्यावर ‘पुढल्या साली’ म्हणणारी पोरं विदर्भाला पहिल्यांदा मिळाली होती. जिंकल्यावर टाळ्या वाजवणारे तर रस्त्यानं जाणारेही असतात.

आणि पुढल्या साली बघितलंच. २०२५ च्या फेब्रुवारीत सेमीफायनलला पुन्हा मुंबईच समोर, या वेळी आपल्या घरी. पार्थ रेखडेनं एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे असे तिघं काढले. ८० धावांनी जिंकलो. वानखेडेचा हिशोब अकरा महिन्यांत चुकता. त्या हंगामात हर्ष दुबेनं ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला विक्रम.

आता मी ज्यासाठी हे सगळं लांबवलं तिथं येतो. फायनल केरळविरुद्ध. केरळ तिथं कसा पोहोचला? अहमदाबादला सेमीफायनलमध्ये गुजरातला पहिल्या डावाची आघाडी घ्यायला तीन धावा हव्या होत्या आणि हातात शेवटचा गडी. नागवासवालानं सणकून फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगच्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उंच उडाला आणि मागं स्लिपमध्ये कप्तान सचिन बेबीच्या हातात. गुजरात ४५५, केरळ ४५७. दोन धावांच्या आघाडीवर केरळ पहिल्यांदा रणजी फायनलमध्ये. तो चेंडू टाकला कुणी? आदित्य सरवटेनं. आपला सरवटे आता केरळकडून खेळत होता.

आणि आपल्या बाजूनं कोण? २४ धावांत तीन गडी गेल्यावर दानिश मालेवारबरोबर २१५ धावांची भागीदारी रचणारा करुण नायर. तोच, ज्यानं ईडनवर आपल्याविरुद्ध १५३ काढल्या होत्या. सलामीला ध्रुव शोरे; तोच, ज्याचा त्रिफळा उडून गुरबानीची हॅट्ट्रिक झाली होती. म्हणजे २०१८-१९ चा आपला नायक समोर आणि २०१७ चे आपले शत्रू घरात. सरवटेनं जामठ्यावर, त्याच मैदानावर, आपल्याविरुद्ध ७९ काढल्या. विदर्भ ३७९, केरळ ३४२. आघाडी ३७ ची. दुसऱ्या डावात नायरच्या १३५, आणि शेवटच्या दिवशी तो यष्टिचीत झाला तो सरवटेच्याच चेंडूवर. २ मार्चला विदर्भ ९ बाद ३७५ असताना दोन्ही कप्तानांनी हात मिळवले. सामना अनिर्णित, करंडक विदर्भाचा. माझ्या पुतण्यानं विचारलं होतं, ‘ड्रॉ झाली तर जितलो कसे?’ त्याला पहिल्या डावाची आघाडी समजावता समजावता माझा चहा गार झाला.

आता सांगा, त्या दिवशी सरवटेनं नायरला बाद केलं तेव्हा खऱ्या विदर्भवाल्यानं काय करावं? नायरसाठी हळहळावं की सरवटेसाठी मनातल्या मनात टाळी वाजवावी? मी दोन्ही केलं. पुढं नायर परत कर्नाटकला गेला. व्यावसायिक खेळाडू आहेत, पोटापाण्यासाठी जातात-येतात. आपल्या तालुक्यातली पोरं पुण्याला कंपनीत जातात तसं. त्यांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. पण खेळाडू जर असे बदलणार, तर ‘विदर्भाचा संघ’ म्हणून कायम राहतं ते काय? कोण ते १८५ ध्यानात ठेवणार, १०५ कोण, प्लेट गटातली वर्षं कोण? खेळाडू तर नाहीत, त्यांना पुढचा सामना असतो. असोसिएशनच्या कपाटात धावफलक असतात, त्यात टपरी नसते. उरतो तो बघणारा.

अमेरिकेतल्या शिकागोच्या कब्ज नावाच्या बेसबॉल संघानं १९०८ नंतर थेट २०१६ साली अजिंक्यपद जिंकलं. एकशे आठ वर्षं. तो शेवटचा सामनाही असाच दहा डावांपर्यंत गेला, मधेच पाऊस येऊन थांबला आणि एका धावेनं सुटला. त्या दिवसांत लोक रिगली फील्ड या त्यांच्या मैदानाच्या विटांच्या भिंतीपाशी आले आणि खडूनं नावं लिहायला लागले. खेळाडूंची नव्हे, आपल्या आईची, बापाची, आजोबाची, जे आयुष्यभर वाट बघून गेले त्यांची. सगळी भिंत नावांनी भरली. आपल्याला असं करायचं झालं तर आपण कुणाची नावं लिहू? १९५७ पासून विदर्भासाठी वाट बघत गेलेली माणसं होती तरी किती? मला भीती वाटते, खडू उरेल.

तसं मानोऱ्याला वाट बघणं कळत नाही असं नाही. हिवाळ्यात शाळेच्या पटांगणावर टेनिस बॉलचे सामने लागतात. फ्लेक्सवर प्रथम बक्षीस अमुक यांचेकडून, द्वितीय तमुक यांचेकडून. लाउडस्पीकरवर कॉमेंट्री करणारं पोरगं चेंडूगणिक जुनं काढतं, ‘गेल्या साली फायनलमधी याच एंडकून तिघं आउट केले होते, पब्लिक इसरली नसन.’ आणि पब्लिक खरंच विसरलेली नसते. पोहरादेवीच्या यात्रेत दोन गावची माणसं भेटली की चार वर्षांपूर्वीच्या वाइड बॉलवरून अजून वाजतं. पंचाचं नाव, त्याची सासुरवाडी, सगळं पाठ. या तालुक्यात आपल्या गावच्या सामन्याची आठवण अशी जागती आहे. ती गावच्या शिवेवरून जरा पलीकडे, जामठ्यापर्यंत न्यायची आहे, एवढंच.

म्हणून एक काम घेऊन आलोय. मला विदर्भाचे हरलेले सामने बघितलेली माणसं हवीत. नव्वदच्या दशकातले, प्लेट गटातले, नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावरचे, कुठलेही. नोकरीनिमित्त नागपुरात राहिलेले, शिकायला गेलेले, सुट्टीच्या दिवशी सहज डोकावलेले, कुणीही चालेल. धावा आठवत नसल्या तरी हरकत नाही, त्या धावफलकात मिळतील. सोबत कोण होतं, डब्यात काय होतं, कुणाला शिव्या घातल्या ते सांगा. मी वही आणली आहे. आभारप्रदर्शन झालं की खाली, मंचाच्या डाव्या बाजूला, चहाच्या टेबलापाशी बसतो.